गाडीतला आंबट वास परत परत येतोय? सांडलेलं मुळापासून काढायचं कसं, आणि पुढच्या लांबच्या प्रवासात सीट वाचवायची कशी

लक्षण ओळखीचं असेल. मागच्या सीटवर दूध सांडलं, चहा सांडला, नाहीतर घाटात पोराला उलटी झाली, तुम्ही पुसलं, फिनाईल मारलं, दोन दिवस काचा खाली करून ठेवल्या आणि वाटलं गेलं एकदाचं. मग गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली, संध्याकाळी दार उघडलं आणि परत तोच भपकारा. मग पैसे देऊन इंटिरिअर क्लीनिंग करून घेतलं, थोडे दिवस बरं गेलं, पहिला पाऊस पडला की परत. शेवटी माणूस कंटाळून डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली चिकटवतो, आणि ज्यांना गाडी लागते त्यांना त्या परफ्यूम अधिक आंबट वासानं हमखास मळमळतं, म्हणजे परत उलटी, परत तेच.

वास परत येतो कारण सांडलेलं वर नसतंच, ते खाली गेलेलं असतं. सीटचं कापड म्हणजे वरचा पातळ थर, त्याखाली पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे पातळ पदार्थ सरळ आत उतरतो, त्यात कोणी वर बसलं की अजून खाली दाबला जातो. जमिनीवर सांडलं तर कार्पेटखाली नमदा असतो, जाड फेल्ट, तो तर दिवसच्या दिवस ओला राहतो आणि वरून हात लावला तर कार्पेट कोरडं लागतं. दुधातली साखर, प्रथिनं आणि फॅट तिथे बसून बॅक्टेरियांना खायला मिळतात आणि त्यातून वेगवेगळी ॲसिड तयार होतात. त्यातलं ब्युटिरिक ॲसिड खवट लोण्यातही असतं आणि उलटीतही असतं, म्हणून दूध सांडलेल्या गाडीत उलटी झाल्यासारखा वास येतो. उन्हात केबिन तापली की ते जास्त उडतं, पावसात दमटपणा मिळाला की बॅक्टेरिया परत कामाला लागतात. म्हणून ऊन आणि पाऊस दोन्हीत त्रास.

आता पहिलं काम, ओल नक्की कुठे आहे आणि कसली आहे ते शोधा, कारण खूप लोक सीट धूत बसतात आणि पाणी येत असतं भलतीकडून. पांढरा टिश्यू किंवा पांढरं सुती फडकं चार घड्या करून संशयित जागी ठेवा आणि टाचेनं पूर्ण वजन देऊन अर्धा मिनिट दाबून धरा. वरून कोरड्या दिसणाऱ्या कार्पेटमधूनही फडक्यावर ओल येते. रंग बघा, वास घ्या. दूध-चहा असेल तर चिकट आणि आंबट. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी स्वच्छ पाणी, रंग नाही, चिकट नाही, वास ओल्या मोज्यांसारखा, तर ते बहुतेक एसीचं पाणी आहे. एसी चालू असताना हवेतलं पाणी आत थंड कॉइलवर जमतं आणि एका छोट्या पाईपनं गाडीखाली पडतं, तो पाईप कचऱ्यानं तुंबला की तेच पाणी आत कार्पेटमध्ये उतरतं. तपासायचं सोपं आहे, दमट दिवसात अर्धा तास एसी चालवून गाडी उभी करा, खाली पाणी ठिबकलेलं दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर पाईप साफ करून घ्या. ओल चिकट असेल, वास गोडसर असेल, रंग हिरवा किंवा गुलाबी असेल आणि आतून काचेवर तेलकट वाफ धरत असेल तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय, हे वर्कशॉपचं काम आहे, यात दिरंगाई करू नका, इंजिन तापेल. आणि फक्त पावसातच ओल येत असेल तर दाराचं रबर, सनरूफ असेल तर त्याचे ड्रेन, आणि वायपरखालच्या जाळीत अडकलेली झाडाची पानं बघा. गाडी झाडाखाली लावणाऱ्यांनी ती जाळी पावसाआधी साफ करायलाच हवी.

सांडलेलंच आहे हे पक्कं झालं की मग सफाई. ताजं सांडलेलं असेल तर चोळू नका, चोळलं की ते पसरतं आणि आत जातं. डागाच्या कडेकडून मधे येत फडकं दाबायचं, ओलं झालं की बाजू बदलायची, परत दाबायचं. इथे एक वस्तू फार कामाला येते, लहान बाळाचा डायपर. त्याच्या आत पाणी ओढून जेल बनवणारी पावडर असते, डायपर उघडून बाळाच्या अंगाला लागते ती मऊ बाजू डागावर ठेवायची आणि वर उभं राहायचं किंवा बसायचं. सुती फडकं जेवढं ओढत नाही तेवढं तो खालून ओढतो. ज्यांच्या घरात बाळ नाही त्यांनीही दोन-चार डायपर डिकीत टाकून ठेवावेत असं माझं ठाम मत आहे.

दूध, दही, अंडं, उलटी यातलं काहीही असेल तर गरम पाणी नको, प्रथिनं गरम पाण्यानं घट्ट होऊन कापडाला धरतात. गार पाणी थोडंसं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, स्पंज ओला करून पिळून घ्यायचा आणि दाबत दाबत डाग काढायचा. पाणी ओतायचं नाही, कारण ओतलेलं पाणी उरलेलं दूध अजून खाली घेऊन जातं, आणि बऱ्याच जणांची सीट दूध सांडल्यानं जेवढी बिघडत नाही तेवढी वरून बादलीभर पाणी ओतल्यानं बिघडते. त्यानंतर एन्झाइम क्लीनर. कुत्र्या-मांजराच्या सू-शीसाठी जो स्प्रे मिळतो तोच, त्यातले एन्झाइम प्रथिनं आणि फॅट तोडतात, वास झाकत नाहीत. पण त्याला वेळ द्यावा लागतो. मारला आणि पुसला असं केलं तर पैसे फुकट. जिथपर्यंत दूध उतरलंय तिथपर्यंत तो पोहोचेल इतका मारा, वर प्लास्टिकचा तुकडा टाकून काही तास ओलं राहू द्या, मग डायपरनं किंवा पाणी ओढणाऱ्या वेट व्हॅक्यूमनं ओढून घ्या. आधी फिनाईल किंवा ब्लीच मारलेलं असेल तर एन्झाइम नीट काम करत नाहीत, त्यामुळे आधी साध्या पाण्याच्या स्पंजनं ते काढा. आणि खरं चामडं असेल तर हे वापरू नका, चामडं स्वतःच प्रथिन आहे. आपल्याकडे चामड्यासारख्या दिसणाऱ्या बहुतेक सीटना लेदरेट, म्हणजे नकली चामडं, असतं त्याला काही होत नाही, तरी कोपऱ्यात आधी करून बघा.

आपल्याकडच्या डागांचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण इंटरनेटवर सगळे सल्ले कॉफी आणि वाईनचे. हळद म्हणजे मिसळीचा कट, पोहे, भाजीचा रस्सा. हळदीच्या डागाला साबण किंवा खायचा सोडा लावला की तो लाल होतो, घरी कपड्यावर बघितलं असेलच, म्हणून तिथे सोडा नको. आधी टिश्यूनं तेल टिपा, लिक्विडचा अगदी पातळ फेस करून काढा, लाल झालं तर घाबरू नका, गार पाण्याच्या स्पंजनं साबण पूर्ण काढा आणि मग सीटवर थेट ऊन येईल अशी गाडी लावा. हळदीचा रंग उन्हानं उडतो, एका दिवसात नाही पण उडतो. आगळ किंवा कोकम सरबत सांडलं तर तिथेही सोडा नको, रंग बदलून काळपट-निळसर डाग बसतो, नुसत्या गार पाण्यानं टिपत राहा, आणि आगळात मीठ असतं त्यामुळे सीटच्या लोखंडी पट्टीपर्यंत गेलं असेल तर तिथलं नीट पुसा नाहीतर गंज धरेल. फणसाचा चीक लागला तर खोबरेल तेलानं सुटतो, मग ते तेल लिक्विडनं काढायचं.

मासळीचं पाणी हा सगळ्यात वाईट प्रकार. मालवणहून, हर्णैहून, रत्नागिरीहून येताना थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून सुरमई-बांगडे आणतात, पनवेल येईपर्यंत बर्फ वितळतो, पेटीला कुठेतरी बारीक चीर असते आणि ते पाणी डिकीच्या कार्पेटखालून स्टेपनीच्या खड्ड्यात जाऊन साठतं. वरचं सगळं धुतलं तरी वास जात नाही, कारण कोणी स्टेपनी उचलून बघत नाही. बघा. त्या खड्ड्यात तळाला रबरी बूच असतं, बऱ्याच गाड्यांत असतंच, ते काढून पाणी सोडता येतं, परत घट्ट बसवा. मासळीचा वास ज्या अमाइनमुळे येतो ते अल्कलीसारखं वागतं, त्याला आंबट लागतं, म्हणून आपण हाताला लिंबू चोळतो. इथेही व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं करून फडक्यानं पुसा, थोडा वेळ ठेवा, मग साध्या पाण्यानं पुसून घ्या, पत्र्यावर व्हिनेगर राहू देऊ नका. पुढच्या वेळी पेटी नुसती डिकीत ठेवू नका, आधी घमेल्यात किंवा प्लास्टिकच्या टबात ठेवा आणि मग टब डिकीत, पेटी गळली तरी पाणी टबातच राहील.

वाळवणं हा अर्धा इलाज आहे आणि तोच लोक सोडतात. सोपा मार्ग म्हणजे चारही दारं उघडी टाकून ओल्या जागेवर टेबल फॅन रात्रभर. पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असते तेव्हा काचा बंद करून एसी चालू आणि तापमान गरमकडे, हवा पायाकडे, रिसर्क्युलेशनवर म्हणजे आतलीच हवा फिरेल असं बटण लावून, असं अर्धा-पाऊण तास चालवा, एसी हवेतलं पाणी काढतो आणि हीटर ओल उडवतो. हे मोकळ्या जागेतच करायचं, बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कार्पेटखालचा नमदा ओला असेल तर दाराच्या पट्ट्या काढून कार्पेट उचलून त्याखाली हवा लागली पाहिजे. मागच्या सीटची बैठक बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढून वर ओढली की क्लिपमधून सुटते, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ती उचलली तर खाली टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचं झाकण असू शकतं, तिथे पाणी घालू नका, आणि परत बसवताना बेल्टचे बकल वर राहिलेत ना ते बघा. पुढच्या सीटला मात्र हात लावू नका, खाली एअरबॅगच्या आणि बसणाऱ्याच्या सेन्सरच्या वायरी असतात, त्यातला पिवळा कनेक्टर घरी काढायचा नाही. सांडल्यानंतर शेजारच्या रिकाम्या सीटसाठी बेल्टचा बीप वाजायला लागला तर सेन्सर ओला आहे, आधी वाळवा आणि मग ठरवा. सगळं झाल्यावरही थोडा वास राहिला तर केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळतो तो, बदला, तो वास धरून ठेवतो, आणि बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्समागे असतो, पाच मिनिटांचं काम.

आता मूळ प्रश्न, परत सांडलं तर सीटपर्यंत जाऊ नये आणि तरी आठ-दहा तास बसता आलं पाहिजे. इथे लोक दोन टोकाला जातात. एक म्हणजे शोरूमचं प्लास्टिक तसंच ठेवायचं. ते काढाच. पाठ घामानं भिजते, अंग घसरतं, आणि शिवणीतून आत गेलेलं पाणी प्लास्टिकखाली वाळतच नाही, म्हणजे ज्या वासासाठी हे सगळं करतोय तोच वास तयार होतो. दुसरं टोक म्हणजे जाड लेदरेट कव्हर. पुसायला सोपं आहे हे खरं, पण मे महिन्यात नागपूरकडे किंवा मराठवाड्यात गाडी उन्हात उभी करून परत बसून बघा. व्हेंटिलेटेड सीट, म्हणजे आतून हवा सोडणारी, असेल तर जाड कव्हरनं तिची हवाच बंद होते, त्यासाठी जास्तीचे पैसे दिलेले असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या सीटच्या पाठीला दाराच्या बाजूला एअरबॅगची छोटी पट्टी दिसली तर साइड एअरबॅग तिथून फाडून बाहेर येते, त्यावर बंद शिवलेलं कव्हर घालू नका. त्या बाजूला मोकळं किंवा फाटेल अशी शिवण असलेलंच कव्हर घ्या, आणि दुकानदार नुसता हो म्हणाला एवढ्यावर समाधान मानू नका, शिवण डोळ्यांनी बघून घ्या.

मला जे पटलंय ते दोन थरांचं. खाली बाळाच्या पाळण्यात घालतात ती ड्राय शीट, वर कापड आणि मागे पातळ वॉटरप्रूफ थर असलेली, आणि तिच्यावर सुती काहीतरी, पंचा किंवा जुन्या साडीची पातळ गोधडी. सुती थर घाम ओढतो, अंगाला गार लागतो, सांडलेलं आधी तोच पितो आणि जे खाली जाईल ते शीट अडवते. घरी आलं की दोन्ही काढून मशीनमध्ये. मागच्या सीटवर मुलं आणि आजी-आजोबा बसतात तिथे हे उत्तम चालतं, कडा पाठ आणि बैठक यांच्या फटीत खोचायच्या आणि बेल्टचे बकल वर मोकळे ठेवायचे. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र सैल काहीच नको, ब्रेक मारताना अंग पुढे घसरलं तर बेल्ट पोटावर चढतो. तिथे पाठीला घाम येत असेल तर नीट बांधलेलं जाळीचं कव्हर घ्या. मुलाच्या चाइल्ड सीटखालीही जाड घडी घालू नका, सीट सैल बसते, पातळ एकच शीट पुरे.

मॅटबद्दल थोडक्यात. उंच कडांची ट्रे मॅट घ्या, सांडलेलं तिच्यातच राहतं आणि उचलून ओतता येतं. फोमवाली ७डी मॅट छान दिसते पण तिच्या खाली गेलेलं पाणी महिनाभर दिसत नाही, घातलीच असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला उचलून बघा. ड्रायव्हरच्या पायाशी मॅटवर मॅट कधीच नको. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटानं सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला तो मॅट ॲक्सिलरेटरमध्ये अडकण्याच्या भीतीनं. मूळ मॅट हुकला अडकवा, आणि पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवू नका, ती घरंगळत ब्रेकखाली जाते.

सांडतं कधी तर गाडी चालू असताना, म्हणून निम्मा प्रश्न थांबण्यानं सुटतो. दर दोन तासांनी थांबायचंच आहे, कंबर मोकळी होते, ड्रायव्हरचे डोळे ताजे होतात, तर चहा टपरीवर उभं राहून प्या, कप गाडीत आणू नका. चहा म्हणजे रंग, दूध आणि साखर तिन्ही एकदम, आणि गिअरजवळ सांडला तर बटणं आणि स्विच जातात ते वेगळंच. तिथे सांडलाच तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, टिपा, फुंकर मारून आत ढकलू नका. चालत्या गाडीत खायला दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी लावून गुंडाळलेली पोळी. दहीभात डब्यात न्या पण थांबल्यावर खा. घाट चढल्यावर अर्धी भरलेली बंद बाटली गाडीत एकदम उघडू नका, महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो म्हणून वेफर्सची पाकिटं फुगतात आणि ताक-सरबताची बाटली उघडताना उडते. वर पोचल्यावर बाटली गाडीबाहेर धरून हळूहळू उघडा.

उलटीचं. कान सांगतो गाडी वळतेय आणि डोळे मोबाईलवर स्थिर, या गोंधळातून मळमळ होते. म्हणून कशेडी, कुंभार्ली, आंबोली कुठलाही घाट असो, सुरू होण्याआधी मोबाईल काढून घ्या, मुलाला पुढचा रस्ता दिसेल असं बसवा, काच थोडी खाली, पोट रिकामंही नको आणि गच्चही नको, आलेपाकाची वडी तोंडात. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या पायथ्याशी देऊन उपयोग नाही, निघण्याआधी द्यावी लागते, आणि झोप आणणारी गोळी ड्रायव्हरनं घ्यायची नाही. चालवणाऱ्यानं वळणाच्या आधी ब्रेक मारावा, वळणात नाही, एवढ्यानंही मागच्यांना खूप बरं पडतं. तरी पिशवी हाताशी हवीच, आणि ती भोकं नसलेली, दुकानातल्या पातळ पिशव्यांना तळाशी भोकं असतात, घरून पाणी घालून बघून घ्या. आत एक डायपर किंवा टिश्यूची जाड घडी टाकून ठेवली की आतलं हिंदकळत नाही.

उलटी बेल्टवर गेली तर बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, वर कपड्याचा चिमटा लावा म्हणजे परत आत जाणार नाही, कोमट पाणी आणि सौम्य साबणाच्या फडक्यानं पुसा, ब्लीच नको, त्यानं पट्टा कमजोर होतो, आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडू नका नाहीतर रोलमध्ये बुरशी धरते. बकलमध्ये सरबत किंवा कोल्ड्रिंक गेलं आणि क्लिक नीट होत नसेल तर ओल्या बड्सनं आतली साखर काढा, तेल किंवा ग्रीस अजिबात नको. पाच-सहा वेळा लावून, झटका देऊन बघा. तरी अडकत असेल तर बकल बदलून घ्या आणि तोपर्यंत त्या जागेवर मुलाला बसवू नका.